बत्तीस कोरी पानं

१

"उघड," सर म्हणाले. "माझ्यासमोरच उघड."

शेवाळीने उत्तरपत्रिका उघडली. पहिलं पान कोरं होतं. दुसरंही कोरं. तिने चार-चार पानं एकदम उलटली, मग शेवटच्या पानापासून उलट पुढे आली. बत्तीस पानांत एक अक्षर नव्हतं. वरच्या पानावर परीक्षा विभागाने छापून चिकटवलेलं तिच्या क्रमांकाचं स्टिकर होतं आणि पर्यवेक्षकाची सही होती. विद्यार्थ्याच्या सहीची चौकट रिकामी होती.

"ही माझी नाही."

"क्रमांक कुणाचा आहे?"

"माझाच. पण सर, मी लिहिलं होतं. पाचही प्रश्न. आकृत्यांचा पेपर नव्हता, नुसतं लिहायचंच होतं. शेवटी शेवटी हात भरून आला होता माझा."

वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख कधी आवाज चढवत नसत. त्यांनी हजेरीपत्रक तिच्यापुढे सरकवलं. तिथे मात्र तिची निळी सही होती, स्वच्छ, तिरकी, शेवटी नेहमीची शेपटी काढलेली.

"म्हणजे गुरुवारी तू आली होतीस. तीन तास बसलीस. आणि काही लिहिलं नाहीस. मी हा गठ्ठा आज सकाळी सोडला, तेव्हा मला वाटलं चुकून कुणाची तरी जास्तीची उत्तरपत्रिका आलीय." ते थांबले. "बरं नव्हतं का तुला? घरी काही?"

दाराशी ताई उभी होती. ताई म्हणजे विभागातली सगळ्यात ज्येष्ठ संशोधक विद्यार्थिनी. तिचा प्रबंध पूर्ण होत आला होता, महिन्याभरात तोंडी परीक्षा होती. गुरुवारी परीक्षेच्या खोलीत पर्यवेक्षक तीच होती.

"ताई, तू सांग ना. तू बघितलंस ना मला लिहिताना?"

ताईने सरांकडे पाहिलं, मग हिच्याकडे. डोळ्यांत पाणी होतं तिच्या.

"मी दोनदा तुझ्या बाकाजवळून गेले गं," ती हळूच म्हणाली. "तू पेन धरून बसली होतीस. मला वाटलं, विचार करतेय."

२

शेवाळी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती शेवाळांचा अभ्यास करायची, कुठेही गेली की ओल्या दगडाला नाक लावून बसायची, म्हणून विभागाने ठेवलेलं. तिला ते आवडायचं.

सरांच्या खोलीतून शेवाळी बाहेर पडली, ताई तिच्या मागोमाग आली. व्हरांड्यातल्या बाकावर बसली तेव्हा शेवाळीचे दात वाजत होते, आणि दुपारचे दोन वाजले होते.

नापास व्हायची ही भीती नव्हती. ती सात वर्षांची असताना तिची आई आजारी पडली होती. शाळेतून आली की आई म्हणायची, "बस, जेवायला वाढते, सगळा स्वयंपाक झालाय." आणि भांडी रिकामी असायची. आई रिकाम्या भांड्यातून डावाने वाढत राहायची. बाबांनी खूप वर्षं निस्तरलं. आता औषधांवर आई ठीक होती, शेजारच्या मुलांच्या शिकवण्याही घ्यायची. पण तो रिकामा डाव हिच्या मनातून कधी गेला नव्हता. हे तिने दोघींनाच सांगितलं होतं: खोलीत बरोबर राहणाऱ्या मैत्रिणीला आणि ताईला.

"डायरी!" ती एकदम उठली. "ताई, मी रोज डायरी लिहिते. गुरुवारी संध्याकाळी प्रत्येक प्रश्नाला काय लिहिलं ते उतरवलंय. प्रयोगशाळेतल्या माझ्या कप्प्यात आहे."

"तू अशी थरथरतेयस, कुठे जिने चढतेस? किल्ली दे. तू तोंड धू, पाणी पी. मी आणते."

ताईला यायला बराच वेळ लागला. वीस मिनिटं तरी. कप्पा अडकला होता म्हणाली. शेवाळीने डायरी हातात घेतली तेव्हा ती कोमट लागली. आपलेच हात गार पडलेत, असं तिला वाटलं.

तिने पानं उलटली. रविवारपर्यंतची सगळी पानं अक्षरांनी भरलेली होती. त्याच्यापुढे काही नव्हतं. सोमवारपासून कालच्या मंगळवारपर्यंत नऊ दिवसांची नऊ पानं कोरीकरकरीत होती.

शेवाळीने उघडी डायरी ताईपुढे धरली.

"शू... शू," ताईने तिला जवळ घेतलं. "घाबरू नकोस. लवकर कळलं ना, की उपचार होतात. तुझ्या आईचं उशिरा कळलं होतं ना?"

३

तिच्या खोलीतल्या मैत्रिणीला सगळे रेडिओ म्हणत, कारण ती बंद होत नसे. त्या संध्याकाळीही रेडिओ चालूच होता.

"अगं, मी तुझ्या पुढे दोन रांगा सोडून होते, मला पाठीला डोळे आहेत का? पण तू काही लिहिलं नाहीस हे मला पटतच नाही. तू सामानाची यादीसुद्धा दोन पानी करतेस. ह्या विभागात काहीही होतं. माझं बघ. शुक्रवारी नमुने सुकवायच्या ओव्हनमध्ये माझी फुलं ठेवली होती, पंचेचाळीसवर. दुपारी जाऊन बघते तर कुणीतरी ऐंशीवर नेऊन ठेवलेलं! सगळ्याचा कोळसा. सत्रभराचं काम. आणि नोंदवहीत कुणाचं नाव नाही."

शेवाळीला तिचं बोलणं दुरून ऐकू येत होतं. ती रेडिओच्या टेबलाकडे बघत होती. पेला, पट्टी, पेनं. उद्या हा पेलासुद्धा इथे नव्हताच, असं कुणी म्हणालं तर?

दुसऱ्या दिवशी ताई एक अर्ज घेऊन आली. वैद्यकीय कारणास्तव सत्र सोडण्याचा. ताईने सगळा भरूनच आणला होता. फक्त सही करायची होती.

"सोमवारी समितीची बैठक आहे. त्याच्या आत दिलास तर तुझ्यावर कारवाई होणार नाही. मीच सरांना समजावलंय. घरी जा, आराम कर. आणि अभ्यासाचं, फिरतीवर काय बघितलं, काय नाही, हे सगळं डोक्यातून काढून टाक. आत्ता तुझ्या डोक्याला काही खरं-खोटं करायला लावू नकोस."

शेवाळीने सही केली. स्वतःच्या हाताकडे बघत, प्रत्येक अक्षर उमटतंय ना ते तपासत.

अर्जावर आता ग्रंथालयाचा शिक्का तेवढा राहिला होता.

४

ग्रंथालयात कळलं, तिच्या नावावरचं एक पुस्तक दुरुस्तीला गेलंय आणि तिथल्या बाईंची सही लागेल.

त्या बाईंना सगळे डिंकबाई म्हणत. मागच्या लांबोळक्या खोलीत त्या तीस वर्षं जुनी पुस्तकं जोडत बसल्या होत्या. टेबलावर पातळ कागद, ब्रश, सरस गरम ठेवायची छोटी विजेची शेगडी आणि तिच्यावर तापत ठेवलेली चपटी लोखंडी पट्टी. भिंतीशी एक मोठा पांढरा फ्रीजर गुरगुरत होता.

"त्यात काय असतं?" शेवाळीने उगाच विचारलं.

"किडे लागलेली पुस्तकं. उणे वीसमध्ये ठेवली की अंडीसुद्धा मरतात." डिंकबाईंनी अर्ज वाचला. चष्मा वर सरकवला. "हे अक्षर तुझं नाही."

"ताईने भरलाय."

"आजारी तू, आणि अर्ज दुसऱ्याचा. काय झालंय?"

तिचा सांगायचा विचार नव्हता. पण कालपासून कुणी असं सरळ विचारलंच नव्हतं. ती रडत रडत सगळं बोलली, आईचंसुद्धा. डिंकबाईंनी ब्रश खाली ठेवला. मग हात पुढे केला.

"डायरी आण इकडे."

त्यांनी कोरं पान खिडकीशी तिरकं धरलं. डोळे मिटले आणि मधलं बोट कागदावरून अगदी सावकाश फिरवलं, डावीकडून उजवीकडे, ओळीने.

"ह्या पानावर लिहिलेलं आहे," त्या म्हणाल्या. "कागद दबलाय. हात लाव."

शेवाळीने बोट फिरवलं. बारीक, अगदी बारीक खोबणी. तिला हुंदका आला.

"रडू नंतर. पेन कुठलं होतं?"

तिने पाऊच काढला. नेहमीची निळी तीन पेनं, गेली तीन वर्षं एकाच प्रकारची. डिंकबाईंनी कागदावर प्रत्येकाने एकेक रेघ ओढली आणि कागद शेगडीवर धरला. कागद पिवळसर व्हायला आला. रेघा होत्या तशाच होत्या.

डिंकबाईंचा चेहरा पडला.

"मला वाटलं होतं, उष्णतेने उडणारी शाई असेल. खोडता येणारी पेनं मिळतात ना हल्ली, घासलं की शाई तापून दिसेनाशी होते. पण ही तर साधी आहेत."

"म्हणजे मीच..." शेवाळीने पेनं परत पाऊचमध्ये टाकली.

"म्हणजे अजून काही कळलेलं नाही, एवढंच. अशी शाई कोण वापरतं तुमच्यात?"

शेवाळीने नाइलाजाने रेडिओचं नाव सांगितलं. आकृत्यांखाली नावं लिहायला खोडता येणारं पेन वापरणारी एकच मुलगी तिला माहीत होती. ती तिच्या खोलीत, हातभर अंतरावरच्या पलंगावर झोपायची.

"डायरी इथे राहू दे," डिंकबाई म्हणाल्या. त्यांनी ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा काढली आणि फ्रीजरचं झाकण उघडलं. "तापून गेलेली ती शाई खूप गारठली तर परत येते. आलीच तर. उद्या सकाळी ये. आणि तोवर कुणाला, अगदी कुणालाही, सांगू नकोस."

५

सकाळी ती पोचली तेव्हा डिंकबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी डायरी पुढे केली. गारठलेल्या पानांवर, किंचित फिकट, पण ओळीच्या ओळी तिचं अक्षर होतं.

शेवाळी तिथेच खाली बसली. मग तिने वाचायला घेतलं, आणि वाचता वाचता पुन्हा थंडगार झाली. आता भीती स्वतःची नव्हती. हे कुणीतरी केलं होतं.

"मी वाचलीय, माफ कर," डिंकबाई म्हणाल्या. "दोन पानं नीट बघ. शाई शाबूत राहिलेलं शेवटचं पान, आणि शाई उडालेलं पहिलं पान. काय घडलं म्हणून कुणाला भीती वाटली, ते शेवटच्या चांगल्या पानावर असणार. आणि पेनं कुणी बदलली, ते त्याच्या पुढच्या पानावर. चल, तुझ्या सरांकडे जाऊ."

"पण सरांकडेही उत्तरपत्रिकांच्या कपाटाची किल्ली असते."

"म्हणूनच त्यांच्यासमोर बोलायचं."

सरांनी आधी ऐकूनच घेतलं नाही. डिंकबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी विचारलं, "हजेरीपत्रकावरची हिची सही गुरुवारची, खरी ना? तुमच्या डोळ्यांसमोर आहे ना?" आणि पिशवीतून सरस पसरायची ती लोखंडी पट्टी काढून सरांच्या चहाच्या किटलीच्या वाफेवर तापवली, पुसली आणि सहीवर अलगद टेकवली.

पट्टी उचलली तेव्हा चौकट रिकामी होती. वरच्या-खालच्या मुलांच्या सह्या जागच्या जागी.

सर खुर्चीतून उठले.

"सही फ्रीजरमध्ये परत येईल, काळजी नको," डिंकबाई म्हणाल्या. "आज हिच्या पाऊचमध्ये साधी पेनं आहेत. गुरुवारी नव्हती. कुणीतरी आतल्या शाईच्या कांड्या बदलल्या आणि काम झाल्यावर परत बदलल्या. आता गठ्ठा दाखवा."

सरांनी कपाट उघडून गठ्ठा टेबलावर पसरला. चाळीस उत्तरपत्रिका, चाळीस स्टिकर. एकोणचाळीस पांढरी शुभ्र. शेवाळीचं करडं पडलेलं, जळकट धुरासारखं.

"ही स्टिकरं उष्णतेने छापतात. तापली की काळवंडतात. कपाट उन्हात तापलं असतं तर सगळी करडी झाली असती. म्हणजे हिची एकटीची बाहेर काढून तापवलीय. तुमच्याकडे कागद तापवायला काय आहे?"

"नमुन्यांचा ओव्हन," शेवाळी पुटपुटली. "शुक्रवारी तो ऐंशीवर होता. रेडिओची फुलं जळाली."

"त्या मुलीकडे अशी पेनं आहेत म्हणालीस."

"हो. पण..." शेवाळीने मान वर केली. दोन दिवसांत पहिल्यांदाच डोकं सरळ चालत होतं. "तिने केलं असतं तर आधी स्वतःची फुलं बाहेर काढली असती. सत्रभराचं काम होतं तिचं. आणि तिच्याकडे कपाटाची किल्ली नाही."

"किल्ल्या दोन आहेत," सर कष्टाने म्हणाले. "एक माझी, एक पर्यवेक्षकाकडे."

"दुसऱ्या किल्लीवाल्या मुलीला बोलवा," डिंकबाई म्हणाल्या.

६

ताई आली. टेबलावरचं करडं स्टिकर आणि उघडी डायरी पाहिली, आणि दार लावायला वळली ती क्षणभर तशीच पाठमोरी राहिली.

"वाच," सर शेवाळीला म्हणाले.

शेवाळीने डायरी उचलली. "रविवार. 'आज डोंगरावरच्या सतरा नंबरच्या तुकड्यात गेले. खोडांवरचं शेवाळ बघायचं होतं. ताईच्या प्रबंधात तिथली एक्केचाळीस झाडं आहेत, तीन वर्षं मोजलेली. मला एकही झाड दिसलं नाही. बुंधेसुद्धा नाहीत. नुसता खडक. माझा रस्ता चुकला असेल. संध्याकाळी ताईला विचारलं, तीही तेच म्हणाली. परीक्षा झाली की सरांना विचारेन.'" तिने पान उलटलं. "सोमवार. 'पाऊच प्रयोगशाळेत विसरले होते. ताईने रात्री खोलीवर आणून दिला. किती करते ती माझ्यासाठी.'"

सर ताईकडे बघत होते. "बुधवारी हिची डायरी कुणी आणली?"

"ताईने," शेवाळीच बोलली. "वीस मिनिटं लागली तुला. आणि डायरी कोमट होती. पाऊचही त्याच कप्प्यात होता."

ताई खुर्चीवर बसली.

"पहिल्या वर्षी मी आजारी होते," ती म्हणाली. "सतरा नंबरला जाऊन यायला अख्खा दिवस मोडतो. एकदाचेच आकडे मनाने टाकले. पुढच्या वर्षी त्यांच्याशी जुळणारे टाकावे लागले. मग त्याच्या पुढच्या वर्षी. तिथे कुणीच जात नाही हो सर. कुणीच नाही. आणि ही शेवाळ बघायला गेली."

"म्हणून हिला नापास करायचं?"

"नापास नव्हतं करायचं मला." ताईने पहिल्यांदाच शेवाळीकडे सरळ बघितलं. तिच्या आवाजात तीच माया होती, आणि त्यानेच शेवाळीच्या अंगावर काटा आला. "तू सरांना सांगितलंच असतंस. सांगितलंस तरी कुणी ऐकू नये, एवढंच हवं होतं. तुलासुद्धा ते खरं वाटू नये. आईचं तूच सांगितलं होतंस मला. मला दुसरं काही सुचलंच नाही."

ताईने भरलेला अर्ज सरांनी उचलला, मधोमध फाडला आणि तुकडे पुन्हा टेबलावर ठेवले, जणू त्यांचं काय करायचं ते कळत नव्हतं.

शेवाळी बाहेर आली आणि तिने घरी फोन लावला. आईनेच घेतला. दोन दिवस ती आईशी बोलणं टाळत होती. तिने सगळं सांगितलं.

"मला वाटलं, मी तुझ्यासारखी झाले," शेवाळी म्हणाली आणि लगेच ओठ चावला.

"वाटणारच," आई म्हणाली. "मी तर रोज तपासते अजून. गॅस दोनदा, दार तीनदा. त्याची लाज नको वाटून घेऊस. पण पुढच्या वेळी पहिला फोन मला कर. त्या भीतीत मी राहून आलेय, तुझे बाबा नाही."

ताईचा प्रबंध थांबवला गेला, चौकशी बसली. शेवाळीची उत्तरपत्रिका दोन दिवस फ्रीजरमध्ये राहिली आणि फिकट निळ्या अक्षरांतली एकोणतीस पानं दुसऱ्या परीक्षकाकडून तपासून आली. रेडिओला फुलांसाठी मुदत वाढवून मिळाली. शेवाळीने तिच्यावर संशय घेतल्याचं कबूल केलं, तेव्हा रेडिओ सबंध पाच मिनिटं बंद होता.

रात्री मात्र शेवाळीला नीट झोप लागेना. लिहिलेलं पान ती दर थोड्या वेळाने उघडून बघायची.

पुढच्या रविवारी सर तिला घेऊन सतरा नंबरला गेले. चढ खरंच अंगावर येणारा होता. सर तीनदा बसले. माथ्यावर पोचल्यावर त्यांनी नकाशा काढला, हद्दीचा दगड शोधला, त्यावरचा आकडा हाताने पुसून तिला दाखवला. मग दोघं वाऱ्यात उभे राहिले. समोर उतारावर खडक होता, वाळलेलं गवत होतं, आणि दूरवर काहीच नव्हतं.

सरांनी आता विचारावं आणि आपण चुकीचं सांगावं, अशी भीती शेवाळीला अजूनही वाटत होती.

"किती झाडं दिसतायत तुला?" सरांनी विचारलं.

तिने पुन्हा एकदा डावीकडून उजवीकडे बघून घेतलं.

"एकही नाही, सर."

सरांनी वही उघडली, तारीख घातली आणि लिहायला सुरुवात केली. लिहिता लिहिता, मान वर न करता, ते म्हणाले, "मलाही नाही दिसत."